कचऱ्याचं वजन होतं, पुवाची नोंद होत नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ऑपरेशननंतर जखमेत होणाऱ्या संसर्गाची नोंद प्रत्येक नर्सिंग होमला सक्तीची करण्याबाबत

महोदय,

मी पनवेलजवळ करंजाडेत राहते. सिडकोने वसवलेली वसाहत, शेजारी नवा विमानतळ, आणि सोसायटीच्या गेटवर पाण्याचा टँकर आला की आधी नंबर कुणाच्या विंगचा यावरून भांडण. निवृत्त होण्याआधी तीस वर्षं मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. डॉक्टर नाही, प्लेटा लावणारी, झोन मोजणारी. आयुष्यात किती पू पाहिला याचा हिशोब मी कधी ठेवला नाही. हे पत्र पुवाबद्दलच आहे, तेव्हा जेवणाच्या टेबलावर उघडू नये ही विनंती.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. साधंच. आत जाळी बसवली, तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. सहाव्या दिवशी टाक्यांभोवती लाली आली, नवव्या दिवशी ड्रेसिंग भिजून बनियनला चिकटलं. एक गोळी झाली, मग त्याहून महाग दुसरी, मग सकाळ-संध्याकाळ शिरेतून इंजेक्शन. पंधरा दिवसांत तीन औषधं बदलली, पण तो पू नेमका कसला आहे हे तपासायला कुणी पाठवला नव्हता. मी अडून बसले तेव्हा स्वॅब घेतला गेला. कुरिअरचा मुलगा तो थर्माकोलच्या डब्यात घालून स्कूटरवरून घेऊन गेला आणि तीन दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आला : स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मेथिसिलिन रेझिस्टंट. लॅबमध्ये आम्ही नुसतं एमआरएसए म्हणायचो. दिलेली तिन्ही औषधं पेनिसिलिनच्याच कुळातली होती. ह्या जंतूपुढे ती तीन काय नि तीस काय, सारखीच. शेवटी जाळी काढावी लागली. भाऊ वाचला. दुकान चार महिने बंद राहिलं.

ऑपरेशन झालं त्या नर्सिंग होमचं नाव मी लिहिणार नाही. डॉक्टरांना मी विचारलं होतं, "यंदा अशा किती केस झाल्या तुमच्याकडे?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "खरं सांगू का ताई, आम्ही मोजत नाही. मोजा असं कुणी सांगितलेलंही नाही." मला राग आला, आणि माणूस खरं बोलला याचं बरंही वाटलं. दोन मजल्यांना मिळून एक सिस्टर आणि टाकीत टँकरचं पाणी, अशा जागी तो माणूस रोज ऑपरेशनं करतो. म्हणून हे पत्र त्यांना नाही, तुम्हाला आहे. मोजा असं सांगण्याचा अधिकार तुमचा.

आधी त्या जंतूची ओळख करून देते, कारण फायलींमध्ये त्याचं फक्त आडनाव येतं. १८८० च्या सुमारास अलेक्झांडर ऑग्स्टन नावाच्या स्कॉटिश सर्जनने गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात त्याला द्राक्षांच्या घडासारखे गोळे दिसले, त्यावरून स्टॅफिलोकॉकस. पुढे १८८४ साली रोझेनबाखने त्याच्या सोनेरी रंगावरून ऑरियस जोडलं. आम्ही तो मेंढीच्या रक्ताच्या अगारवर वाढवायचो. रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली प्लेट सकाळी काढली की सायीच्या रंगाचे, कडेला पिवळसर झाक असलेले टपोरे ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लालाची पारदर्शक काच झालेली असते. तिथल्या रक्तपेशी त्याने फोडलेल्या असतात. मग सशाच्या प्लाझ्मात तो घालून नळी ३७ अंशांवर ठेवायची आणि चार तासांनी तिरकी करून बघायची. पातळ पाणी हललं तर निभावलं; दह्यासारखं थिजलं तर ऑरियस. रक्त गोठवून स्वतःभोवती कोट उभारायची ही त्याची खोड नळीत जशी दिसते तशीच जखमेतही चालते.

शेवटी डिस्क. सेफॉक्सिटिनची एवढीशी कागदी टिकली जंतू पसरलेल्या प्लेटवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ पट्टीने मोजायचं. २२ मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर साधा स्टॅफ, २१ किंवा कमी तर एमआरएसए. एका मिलिमीटरवर माणसाचं औषध बदलतं. दिवे गेले की मी प्लेट खिडकीशी नेऊन मोजायची, आणि २१ की २२ असा संशय आला की शेजारच्या मैत्रिणीला बोलावून तिच्याकडूनही मोजून घ्यायची. एवढी साधी तपासणी आहे ही. त्यासाठी लागतो एक इन्क्युबेटर, एक शिकलेलं माणूस आणि दीड-दोन दिवसांचा धीर.

हा जंतू काही बाहेरून चालून आलेला शत्रू नाही. साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात तो निवांत बसलेला असतो. माझ्या असेल, तुमच्याही असेल. त्याचं बिघडतं ते कातडी उघडली की. त्याच्याकडची हत्यारं पाहिली की धडकी भरते. आपल्या शरीराची प्रतिपिंडं तो उलटी धरतो, म्हणजे पकडणारा हातच त्याच्या मुठीत. अल्फा टॉक्सिन नावाच्या विषाने पेशींना भोकं पाडतो. काही वाणांकडे पीव्हीएल नावाचं आणखी एक विष असतं, ते थेट पांढऱ्या पेशींवर चालतं. जाळी, नळी, सळई असं काही परकं आत सापडलं की त्यावर चिकट थर करून बसतो, आणि त्या थराखाली औषध धड पोचत नाही. भावाची जाळी काढावी लागली ती यासाठी. आणि हे सगळं एकदम करत नाही. आसपास आपण किती जण जमलोय याचा अंदाज हे जंतू एका रासायनिक निरोपावरून घेतात. थोडे असताना नुसते चिकटून राहतात. गर्दी झाली की विष सोडतात. सहाव्या दिवशी लाली आणि नवव्या दिवशी पू, यामागे हाही एक हिशोब असतो.

औषधांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, थोडक्यात सांगते. फ्लेमिंगच्या १९२८ च्या ज्या प्लेटवर बुरशी पडली, ती स्टॅफचीच प्लेट होती. १९४५ साली नोबेल घेताना त्यानेच बजावलं होतं की औषध अपुरं घ्याल तर जंतूला शिकवून सोडाल. आपल्याकडे पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या नावाने उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. तो सुरू होईतो परदेशातल्या इस्पितळांमधल्या स्टॅफने पेनिसिलिन पचवायला घेतलंही होतं. मग १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं आणि १९६१ मध्ये त्याला न जुमानणारे जंतू इंग्लंडात नोंदले गेले. दोन वर्षं टिकली ती मिजास.

मेथिसिलिनला न जुमानण्याची युक्ती अशी होती. जंतूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात पेनिसिलिन आणि त्याची सगळी भावंडं धरून ठेवतात. ह्या जंतूने दुसराच गवंडी आणला, जो त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती लागत नाही. त्या गवंड्याचा नकाशा म्हणजे मेक-ए हे जनुक. ते एका बोचक्यात बांधलेलं असतं आणि ते बोचकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. आम्हाला शिकवलं होतं की हॉस्पिटलचा एमआरएसए वेगळा आणि बाहेरचा वेगळा. हॉस्पिटलवाल्याचं बोचकं मोठं. ते वाहताना त्याची दमछाक होते, म्हणून औषधाला चिवट पण अंगाने जरा मंद. तो आयसीयूतल्या थकल्याभागल्या पेशंटवर जगतो. हे नुसतं निरीक्षण नव्हे. २०१२ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की काही हॉस्पिटली वाणांत हा नवा गवंडीच गर्दीचा निरोप ऐकण्यात अडथळा आणतो, त्यामुळे विष कमी सुटतं. बाहेरच्या वाणाचं बोचकं लहान. तो चपळ, विषारी, धडधाकट माणसालाही गळवं आणणारा, पण औषधांना बऱ्यापैकी दबणारा. म्हणजे एकात चिवटपणा, दुसऱ्यात विष. ही वाटणी होती तोवर आपलं निभत होतं.

ती वाटणी मोडल्याची नोंद आपल्या मुंबईतच झाली आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डिसूझा, रॉड्रिग्ज आणि मेहता यांनी ४१२ एमआरएसए नमुने तपासून २०१० साली निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या बोचक्याचे जुने हॉस्पिटली वाण त्यात सुमारे चौथा हिस्सा उरले होते. बाकी सारे लहान बोचक्याचे, आणि निम्म्याहून जास्त नमुन्यांत पीव्हीएलचं विष. गल्लीतला जंतू हॉस्पिटलात येऊन मूळच्या बिऱ्हाडकरूला बाहेर काढून बसला होता. त्यातला एसटी ७७२ हा वाण जगात बेंगॉल बे क्लोन म्हणून ओळखला जातो. त्याचा वंशवेल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला : जन्म भारतीय उपखंडात १९६० च्या दशकात, अनेक औषधांना पुरून उरायची ताकद १९९० च्या दशकात, आणि मग प्रवाशांबरोबर देशोदेशी. विष आणि चिवटपणा एकाच अंगात. आमच्या डोक्यावरून आता विमानं जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

याचा अर्थ हॉस्पिटलचा जंतू ही आता फक्त मोठ्या हॉस्पिटलांची बाब राहिली नाही. तो करंजाडेतल्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये पेशंटच्या नाकातून येतो, ड्रेसिंग करणाऱ्या मामांच्या हातावरून पुढच्या खाटेवर जातो आणि डिस्चार्जबरोबर घरी येतो. भावाला तो ऑपरेशन टेबलावर लागला, ड्रेसिंगला लागला की त्याच्याच नाकातला होता, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही, कारण आधीच्या आणि नंतरच्या पेशंटची नोंदच नाही.

देशाचे आकडे आहेत, नाहीत असं नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, जाळ्यातल्या रुग्णालयांत २०१६ साली ऑरियसच्या नमुन्यांत २८.४ टक्के एमआरएसए होते, २०२१ साली ४२.६ टक्के. जगात २०१९ या एका वर्षात एमआरएसएच्या औषध न जुमानण्यामुळे एक लाखाहून अधिक माणसं गेली असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पण ते आयसीएमआरचं जाळं म्हणजे मोठाली रुग्णालयं. पनवेल, उलवे, करंजाडे, कळंबोलीतली माणसं टाके घालून घेतात ती रस्त्यावरच्या नर्सिंग होममध्ये, आणि तिथला आकडा कुठल्याच तक्त्यात नाही.

आणि आपल्याला मोजता येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. २०१६ च्या नियमांनुसार प्रत्येक दवाखाना आपल्या जैववैद्यकीय कचऱ्याची रोज नोंद ठेवतो, पिशवीवर बारकोड लावतो, वर्षाचा अहवाल देतो. पिवळ्या पिशवीत किती किलो गेलं ते कागदावर असतं. गरोदर बाईची सोनोग्राफी झाली की एफ फॉर्म भरावा लागतो, दर महिन्याला तो वर जातो, आणि त्यात चूक झाली तर डॉक्टरची झोप उडते. याच महाराष्ट्राने १९८८ साली, देशाच्या आधी, गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला होता. २०२१ मध्ये तुमच्याच खात्याने नर्सिंग होमचे नियम बदलले, तेव्हापासून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आमच्या त्या नर्सिंग होममध्येही दोन्ही फ्रेम करून लावलेत, रिसेप्शनच्या मागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी. हर्नियाला किती पैसे पडतील ते मला तिथे वाचायला मिळालं. मागच्या वर्षी किती हर्निये चिघळले, ते नाही.

माझं मागणं लहान आहे. महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ चा आहे, तो बदलायचीही गरज नाही. नियमांत भर घाला. प्रत्येक ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी, आणि जाळी किंवा सळई बसवली असेल तर नव्वदाव्या दिवशीही, सिस्टरने पेशंटला एक फोन करावा : टाके भरले का, पाणी आलं का, पू आला का. जगभर जखमेच्या संसर्गाची मुदत अशीच धरतात. उत्तर एका वहीत. पू आला असेल तर अँटिबायोटिक बदलण्याआधी स्वॅब जायलाच हवा, आणि काय वाढलं तेही त्याच वहीत. तिमाहीला दोन आकडे वर पाठवायचे : ऑपरेशनं किती, चिघळली किती. स्वॅब तपासायला पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात कल्चरची सोय सगळ्या नर्सिंग होमना परवडेल अशा दरात खुली करा, म्हणजे सॅम्पल स्कूटरवरून ठाण्याला जाणार नाही.

डॉक्टरांच्या संघटना काय म्हणतील ते मी आत्ताच सांगते. आकडे जाहीर झाले तर लोक घाबरतील, डॉक्टर मधुमेही आणि म्हातारे पेशंट टाळतील, जो खरं लिहील तो बुडेल आणि लपवणारा तरेल. ही भीती खोटी नाही. जो शोधतो त्यालाच सापडतं, त्यामुळे पहिल्या वर्षी सगळ्यात वाईट आकडा सगळ्यात प्रामाणिक माणसाचा असेल. म्हणून पहिली दोन वर्षं नावं जाहीर करू नका, फक्त तालुक्याची बेरीज द्या. ज्याचा त्याचा आकडा ज्याला त्याला कळवा. दंड लावायचाच तर चिघळल्याबद्दल लावू नका, वही कोरी ठेवल्याबद्दल लावा. इंग्लंडने २००१ पासून रक्तातल्या एमआरएसएची नोंद सक्तीची केली. २००३-०४ मध्ये तिथे साडेसात हजारांहून जास्त केस होत्या. २००८-०९ मध्ये त्या तीन हजारांच्या खाली आल्या. ही काही नव्या औषधाची करामत नव्हती. हात धुतले गेले, नळ्या वेळेवर काढल्या गेल्या, आणि आकडा वर विचारला जातोय हे प्रत्येक वॉर्डाला ठाऊक होतं.

हात धुण्यावरून पाण्याचं आलंच. करंजाडेचं पाणी तुमच्या खात्याचं नाही, सिडकोचं आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी अँटिबायोटिकची पट्टी अन्न व औषध प्रशासनाची आहे. २०१४ पासून एच-१ यादीतल्या औषधांची नोंद दुकानदाराने तीन वर्षं ठेवायची असते. ती वही तपासायचा अधिकार त्यांच्या निरीक्षकाला आहे, मला नाही. पण नर्सिंग होम तुमचं आहे. दुपारी नळाची धार करंगळीएवढी होते, तेव्हा दोन ड्रेसिंगच्या मध्ये हात धुतले जात नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मामांना बोल लावायची माझी हिंमत झाली नाही. प्रत्येक खाटेला एक हँडरबची बाटली टांगा, एवढं तरी नियमात लिहा. तिला नळ लागत नाही.

भाऊ आता दुकानात बसतो. पट्टा लावतो, जड उचलत नाही. हर्निया परत आलाय. पुन्हा ऑपरेशन करायचं म्हणतात आणि कुठे करायचं ते तो मला विचारतो, कारण त्याच्या दृष्टीने मी हॉस्पिटलातली. मी तीन ठिकाणी फोन केले. दर तिन्ही ठिकाणी लगेच सांगितले. मागच्या वर्षी हर्नियाच्या किती पेशंटना पू झाला, या प्रश्नावर एका ठिकाणी फोन ठेवला, एका ठिकाणी मुलगी हसली आणि तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, डॉक्टरांना विचारून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

मंत्रिमहोदय, ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची धरली आहे. तोवर निदान पनवेल तालुक्यापुरती ती वही सुरू करा.

आपली,
करंजाडेची एक रहिवासी,
निवृत्त लॅब टेक्निशियन